विल्फकाकांचा जबाब

५ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी शेजारच्या विल्फ सग्डनकाकांच्या पायरीवर अकरा कबुतरं ओळीनं मांडून ठेवलेली होती. सगळ्यांच्या माना पिरगळलेल्या. विल्फकाकांची शर्यतीची कबुतरं. आई गादीच्या कारखान्यात कामाला निघाली होती, तिनंच आधी पाहिलं आणि मला हाक मारली.

कोणी केलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. किरन मेलर. काकांच्या चेरिलबरोबर तो दोन वर्षं राहत होता. तिचं मनगट मोडल्यावर ती बापाकडे परत आली. कोर्टानं त्याला या रस्त्यावर पाय ठेवायला मनाई केली आहे, आणि तरी ही त्याची चौथी खेप. पोलीस आले, फोटो काढले, तक्रारीचा नंबर दिला. तो चिठोरा हातात धरून काका म्हणाले, "हा नंबर आता मी कबुतरांच्या पायात अडकवू का?"

मी म्हटलं, काका, कायद्याला वेळ लागतो, पण तो पोचतो. माझा कायद्याचा अभ्यासक्रम पंचवीस तारखेला सुरू होतोय. इतिहासाची पदवी झाली. आता दिवसा गार्साइडबाईंच्या ऑफिसात घरांच्या खरेदीखतांच्या नकला काढायच्या आणि संध्याकाळी अभ्यास करायचा. आमच्या घरात पदवीपर्यंत कोणी गेलं नव्हतं, म्हणून आई मला आत्तापासूनच 'वकिलीणबाई' म्हणते, आणि गल्लीलाही तसंच वाटतं.

काकांनी कबुतरं त्यांच्या भाजीच्या वाफ्यांपाशी नेऊन पुरली. प्रत्येकाच्या पायातली नंबराची कडी मात्र आधी काढून घेतली.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी सात वाजता काका मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. आई गेली होती. टोपी हातात होती. काल संध्याकाळी ते रेल्वेपुलाच्या बोळात टिकावाचा दांडा घेऊन उभे राहिले, आणि किरन पबकडे निघाला तेव्हा त्याच्या उजव्या गुडघ्यावर दोन फटके मारले. तो ओरडायला लागल्यावर माणसं धावली, आणि काका घरी निघून आले. किरन दवाखान्यात आहे. पोलीस आज येणारच, त्यापेक्षा आपणच ठाण्यात जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. फक्त तिथं बोलायचं काय, ते ठरत नव्हतं.

"मला शब्द जमत नाहीत, पोरी. शेफील्डला कॉलेजात तुला माझ्या कबुतरांच्या पेट्यांबरोबर गाडीतून उगाच पोचवलं का? सांग आता."

त्या प्रवासात माझ्या पुस्तकांना महिनाभर कबुतरांचा वास येत होता. ते आठवून आम्ही दोघंही थोडं हसलो. मी चहा केला आणि त्यांना म्हटलं, खरं ते सांगा, पण नेमकं सांगा. गुळमुळीत बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तुमच्या मनात नक्की काय होतं?

ते म्हणाले, त्यानं यायचं थांबावं, एवढंच.

मी म्हटलं, हे फार मोघम झालं. पोलीस म्हणतील तुम्ही त्याचा जीव घ्यायला गेला होता.

"छे गं. मेलेल्याला काय अद्दल घडणार?"

"मग गुडघा मोडायचाच होता?"

ते बराच वेळ कपात बघत राहिले. मग म्हणाले, "हो. जमलं तर दोन्ही."

हे ऐकून मला हायसं वाटलं. असं स्वच्छ बोलणाऱ्या माणसाला कोण खुनशी म्हणेल? मी म्हटलं, हेच सांगा, अगदी याच शब्दांत. त्यांनी वकिलाचं विचारलं. ठाण्यात फुकट मिळतो म्हणे. मी सांगितलं की तो आधी 'काही बोलू नका' असं शिकवेल, आणि गप्प बसायचं ते लपवणाऱ्यांनी. तुम्हाला लपवायचं काय आहे?

ते टोपी घालून गेले. मी पुढच्या चौकापर्यंत सोबत गेले. मला अभिमान वाटला, त्यांचाही आणि थोडा माझाही.

९ सप्टेंबर, शनिवार

काका जामिनावर घरी आले. सगळं रेकॉर्ड झालं, अर्धा तासही लागला नाही. वकील नको म्हणून दोनदा सही घेतली. शेवटी जबाब घेणारी पोलीसबाई म्हणाली, इतकं सरळ बोलणारा माणूस वर्षातून एखादाच भेटतो. काका तिची नक्कल करून दाखवत होते. मी आईला म्हटलं, बघितलंस? आई म्हणाली, "बघितलं. पोलिसांना आवडेल असं बोलणं चांगलं असतं, हे मला माहीत नव्हतं." ती कायम अशी तिरकी बोलते.

१६ सप्टेंबर, शनिवार

किरन मेला.

ऑपरेशन झालं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर नको म्हणत असताना तो सही करून घरी गेला. आज सकाळी पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात चढली आणि त्याच्या आईच्या घरी न्हाणीघरात तो कोसळला. सत्तावीस वर्षांचा होता.

दुपारी पोलीस काकांना घेऊन गेले. आरोप खुनाचा. चेरिल आमच्याकडे येऊन जमिनीवरच बसली. मी तिला समजावलं की खुनाला जीव घ्यायचा हेतू लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि काकांनी तर जीव घ्यायचा नव्हता असं आठ दिवस आधीच टेपवर सांगून ठेवलंय. मेल्यावर सांगितलं असतं तर कोणी म्हणालं असतं, बनवाबनवी आहे. उलट हा जबाबच त्यांना वाचवेल.

चेरिलनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, तू होतीस म्हणून.

२ ऑक्टोबर, सोमवार

अभ्यासक्रम सुरू झाला. खुनाचं प्रकरण जानेवारीत शिकवणार आहेत, पण मी ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलं आणि आधी तेच उघडलं. व्याख्या चारशे वर्षांपूर्वीच्या एका न्यायाधीशाची आहे आणि अजून तीच चालते. राजाच्या शांततेत असलेल्या जिवंत माणसाला बेकायदा मारणं, आणि तेही मनात आधीपासून दुष्टावा धरून.

मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'राजाच्या शांततेत' म्हणजे युद्धातला शत्रू सोडून बाकी सगळे. आई म्हणाली, "म्हणजे आपली गल्ली धरूनच? राजाला एकदा शनिवारी इकडे बोलवायला हवं."

व्याख्येचा एकेक तुकडा घेऊन बघायचं ठरवलंय. सगळे तुकडे जुळले तरच खून होतो. एक जरी निसटला तरी काका त्यातून सुटतात. मी पानं गाळून पुढे जात नाही, ही माझी शाळेपासूनची सवय आहे.

४ ऑक्टोबर, बुधवार

'बेकायदा' हा तुकडा गेला. किरन त्या वेळी अंगावर आला नव्हता, काका बोळात वाट बघत होते. भान सुटलं होतं असंही म्हणता येत नाही. कबुतरं मंगळवारची आणि दांडा गुरुवारचा.

'मारणं' या तुकड्यावर माझी सगळी आशा होती. तो स्वतःच्या पायानं दवाखान्यातून निघून गेला, गुठळी होऊ नये म्हणून द्यायची इंजेक्शनं घेतली नाहीत, मग मारलं कोणी? तीन तास वाचलं. कायदा म्हणतो, ज्याला मारलंत तो जसा आहे तसा घ्यायचा, त्याच्या भीतीसकट, हट्टासकट. जखम तुमची असेल तर मरणही तुमचं.

उरला दुष्टावा. तिथं आपली बाजू भक्कम आहे. ते प्रकरण शनिवारी निवांत वाचेन.

७ ऑक्टोबर, शनिवार

पान दोनशे एकतीस.

दुष्टावा लागत नाही. आधीपासूनही लागत नाही. ते शब्द नुसते जुने म्हणून ठेवलेत, असं पुस्तक चक्क म्हणतं. लागतो तो हेतू, आणि दोनांपैकी कुठलाही एक चालतो. जीव घ्यायचा हेतू, किंवा गंभीर इजा करायचा हेतू. दुसरा असेल तर पहिला नसला तरी खून तो खूनच, आणि शिक्षा एकच, जन्मठेप. न्यायाधीशाच्याही हातात काही नाही.

खाली उदाहरण दिलंय. 'उदाहरणार्थ, पाय मोडण्याचा हेतू.'

मी ते वाक्य किती वेळा वाचलं कोण जाणे. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

ज्याला मी बचाव समजले होते, तो शेवटचा तुकडा होता. तो काकांच्या तोंडून मी काढला आणि घासूनपुसून त्यांच्या हातात दिला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

गार्साइडबाईंना सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्या पस्तीस वर्षं फक्त घरांची कामं करतात, फौजदारी कधी केली नाही. तरी त्या म्हणाल्या, "टेसा, माझ्याकडे कोणी असं आलं असतं, तर मी एकच सांगितलं असतं. वकील येईपर्यंत तोंड उघडू नका. मला कायदा येतो म्हणून नव्हे. मला किती येत नाही ते माहीत आहे म्हणून."

मग त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. मी ती घेतली नाही. सहा खरेदीखतं तपासली, एकही चूक सापडली नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

तुरुंगात भेटायला गेले. काका बारीक झालेत. पुस्तकात काय आहे ते मी सगळं सांगितलं, आणि सांगताना रडायचं नाही हे ठरवलेलं पाळलं.

ते म्हणाले, "म्हणजे मी त्याला ठार मारायचं होतं म्हटलं असतं, तरी एवढंच?"

"तेवढंच."

"मग उगाच एवढं नेमकं बोललो." मग म्हणाले, उरलेली कबुतरं शर्यतीच्या क्लबातल्या लोकांनी नेली का ते बघ, आणि थंडी पडायच्या आत नेऊ देत.

मी म्हटलं, मी कोर्टात सांगेन की ते शब्द तुमचे नव्हते. ते माझे होते.

"तुझी वकिली सुरू व्हायच्या आधीच बुडेल. नाव नको घालूस त्यात."

मी म्हटलं, नाव आधीच आहे.

२२ नोव्हेंबर, बुधवार

काकांच्या वकील मिस रेनशॉ यांच्यापुढे माझं निवेदन झालं. उंच हाडापेराची, घाईतली बाई. खून की सदोष मनुष्यवध, एवढाच प्रश्न आहे, आणि सगळं एका उत्तरावर टांगलंय, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की 'मोडायचाच होता का' हे माझे शब्द. काका आधी म्हणाले होते की त्यानं यायचं थांबावं, एवढंच. मी खोदून विचारल्यावर ते म्हणाले, माहीत नाही गं. मग मीच त्यांना पढवलं.

त्यांनी विचारलं, आणखी कोणी होतं का खोलीत? नाही. एकमेकांना काही संदेश? नाही, ते फोनवर टाइप करत नाहीत. मग त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. म्हणाल्या, ज्यूरीला तू आवडशील. तुला खोटं बोलता येत नाही, ते तुझ्या चेहऱ्यावर दिसतं.

ती सकाळ मी मनात इतक्या वेळा चालवून पाहिलीय की त्यांचा आवाज ऐकू येतो. कपात बघत होते. माहीत नाही गं, पोरी.

१४ डिसेंबर, गुरुवार

किरनची आई, गेल, आईच्याच कारखान्यात गाद्यांच्या कडा शिवते. मधल्या रांगेत, आईपासून दोन मशीन पलीकडे. ती आज तीन महिन्यांनी कामावर आली. कोणी तिच्याशी बोलेना. तिचा मुलगा कसा होता ते सगळ्यांना माहीत, आणि तो मेलाय हेही. जेवणाच्या सुट्टीत आई चहा घेऊन तिच्याजवळ बसली.

गेल म्हणाली, त्याला सुईची भीती होती. शाळेत लस टोचताना खिडकीतून पळाला होता. दवाखान्यात रोज पोटात सुई देणार म्हटल्यावर तो लंगडत घरी आला, आणि मी दार उघडून त्याला आत घेतलं. परत पाठवायला हवं होतं.

आई हे मला भांडी घासता घासता सांगत होती, माझ्याकडे पाठ करून. पुस्तकात मी याच गोष्टीतून वाट शोधत होते. 'रुग्णाचा उपचारास नकार', असा मथळा होता.

आई म्हणाली, "चेरिलचं मनगट मोडणारा तोच होता ना? मग मला त्या बाईपुढे का बोलता येईना?"

११ मार्च, सोमवार

लीड्स. खटला सुरू झाला. आज टेप वाजवली. भल्या मोठ्या खोलीत काकांचा आवाज, सावकाश, शाळेत कविता म्हणावी तसा. 'मारून टाकायचं नव्हतं. गुडघा मोडायचा होता. जमलं तर दोन्ही.' ज्यूरीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं लिहून घेतलं. काका काचेच्या पलीकडे बसून छताकडे बघत होते.

बुधवारी माझी साक्ष. मिस रेनशॉंनी सांगितलंय, विचारतील तेवढंच बोल, आणि खरं बोल. दुसरं मला येतंय कुठं?

१३ मार्च, बुधवार, सकाळी

साक्षीदारांच्या खोलीत बसलेय. कॉफी पाण्यासारखी आहे. आईनं माझा पांढरा शर्ट रात्रीच इस्त्री करून ठेवला होता. हाक येईपर्यंत लिहिलं की मन जाग्यावर राहतं. बोलावलं

६ एप्रिल, शनिवार

नवी वही. जुनी कोर्टात आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून माझी आद्याक्षरं आणि एक आकडा घातलाय. टी. ओ., एक. पुरावा जो आणतो त्याच्या नावानं ओळखला जातो, अशी इथली पद्धत.

तीन आठवडे लिहिवत नव्हतं. आता लिहिते.

मिस रेनशॉंच्या प्रश्नांना मी चांगली उत्तरं दिली. ज्यूरी ऐकत होती. ती म्हातारी बाई माझ्याकडे बघून मान हलवत होती. मग सरकारी वकील उठले. मऊ आवाजाचे, वयस्कर गृहस्थ. त्यांनी विचारलं, सहा महिन्यांपूर्वीचं संभाषण तुम्हाला शब्दन् शब्द आठवतं? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, कौतुक आहे. काही लिहून ठेवलं होतंत का त्या वेळी?

मला तोपर्यंत खरंच सुचलं नव्हतं. दैनंदिनी ही माझी मला असते, तिच्याकडे मी पुरावा म्हणून कधी बघितलंच नव्हतं. मागची पानं मी वाचत नाही. नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? मी म्हटलं, मी रोजची वही लिहिते. ती कुठे आहे? माझ्या पिशवीत.

न्यायाधीशांनी ज्यूरीला बाहेर पाठवलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ते पान वाचलं. मिस रेनशॉंनी दोनदा वाचलं, आणि मग माझ्याकडे न बघता वही परत केली. ज्यूरी आत आली. सरकारी वकील म्हणाले, आठ सप्टेंबर, कृपया मोठ्यानं.

मी वाचायला लागले. यायचं थांबावं, इथपर्यंत बरोबर होतं. मेलेल्याला काय अद्दल घडणार, यावर ज्यूरीतलं कोणी तरी हसलं. पुढे माझ्याच अक्षरात होतं, 'हो. जमलं तर दोन्ही.'

'माहीत नाही' कुठेच नव्हतं. मी पान उलटून पाहिलं. नव्हतं.

ते म्हणाले, तर मग हे शब्द कोणाचे, मिस ऑल्ड्रॉइड? मी म्हटलं, पहिला प्रश्न माझा. ते म्हणाले, आणि 'दोन्ही'? मी म्हटलं, त्यांचं.

"पुढचं एक वाक्य वाचता का?"

मी वाचलं. हे ऐकून मला हायसं वाटलं.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

ज्यूरीला पाच तास लागले. खून. जन्मठेप, निदान बारा वर्षं आतच. काका त्रेसष्ट वर्षांचे आहेत. मागच्या बाकावर गेल मेलर बसली होती. निकाल ऐकून ती उठली आणि कोट हातात घेऊन निघून गेली, कोणाकडे बघितलं नाही. चेरिलनं माझ्याकडे बघितलं. ती अजून आमच्याशी बोलत नाही. त्यांच्या मागच्या दाराला आता आतून कडी असते.

काल काकांना भेटले. किती तरी वेळ आम्ही कबुतरांचंच बोललो. क्लबानं नेलेल्यांपैकी एक मादी तीनदा परत आली, रिकाम्या खुराड्याच्या छपरावर बसते. त्यांनी सांगितलं, तिला दाणा घालू नकोस, नाही तर ती तिकडे रमायची नाही.

मग मी म्हटलं, काका, मी शपथेवर सांगितलं होतं, तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात. मला तसंच आठवत होतं.

"मलाही तसंच आठवत होतं," ते म्हणाले. "सहा महिने कोठडीत मी हेच घोकत होतो, की मी 'माहीत नाही' म्हणालो, आणि बाकीचं पोरीनं शिकवलं. खोटं कशाला बोलू, तुझा रागही येत होता. तू वाचलंस तेव्हा तुमचं स्वयंपाकघर दिसलं. तो निळा कप. मला दोन्ही हवे होते गं. दुसऱ्यावर मारणारच होतो, तेवढ्यात लोक आले."

वेळ संपल्याची घंटा झाली. ते उठताना म्हणाले, "बरं झालं लिहून ठेवलंस."

परत येताना बसमध्ये वाटत होतं की ते हे मनापासून म्हणाले. घरी पोचेपर्यंत तेवढी खात्री राहिली नाही. म्हणून त्यांचे शब्द होते तसे वर उतरवले आहेत. म्हणताना ते हसत नव्हते.